वाळूची राखण

आमच्या किथ्योनी नदीला वर्षातले अकरा महिने पाणी नसतं.
नैरोबीत छापलेल्या नकाशावर ती निळी आहे, एवढंच.

मी त्या नदीची वाळू विकली.
खेपेला चारशे शिलिंग, रोख, अंधारात.
दगडावर खणखणू नये म्हणून फावड्याला
पोत्याचं फडकं बांधायचो.
म्वोकीचा ट्रक दिवे मालवून पात्रात उतरायचा
आणि उजाडायच्या आत लागायचा
शहरातल्या कुठल्यातरी बाराव्या मजल्याच्या वाटेला.

आईनं पैसे मोजले नाहीत.
पिठाच्या डब्याखाली सारले, म्हणाली,
कुठंतरी पाणी मुरतंय.
मी हसलो.
मुरत नव्हतं, हेच तर होतं.

पाणी खात्याचा साहेब आला तेव्हा
बाभळीखाली साठेक माणसं जमली,
निम्मी सोड्याच्या बाटल्यांसाठी.
त्यानं कापडी नकाशा फांदीला टांगला.
पाणलोट, म्हणाला, पाणलोट क्षेत्र, लोकसहभाग,
आणि वाऱ्यानं नकाशा त्याच्याच तोंडाला गुंडाळला.
एक शेळी खालच्या कोपऱ्यातून
आमचा डोंगर खायला लागली.

मग स्योकाऊ म्हातारी उठली.
तेलाच्या पत्र्याच्या डब्यात वाळू भरून आणली होती तिनं.
वर पाणी ओतलं. दिसेनासं झालं.
गेलं?
पोरं म्हणाली, गेलं.
डबा तिनं उन्हात ठेवला,
आणि सभा वळली गाढवांकडे, शाळेच्या छपराकडे,
कसीवाच्या नवऱ्यानं रात्रीत सरकवलेल्या बांधाकडे.

सावली फिरल्यावर तिनं डबा उचलला,
खिळ्यानं बुडाला भोक पाडलं.
साहेबाच्या बुटावर धार पडली.
बारीक, पण धार.
दुसऱ्या डब्यात नुसतंच पाणी ओतून
तिनं तो शेळीपुढं सरकवला.
आता हे राखून दाखवा, म्हणाली.
शेळीनं नकाशा सोडला.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
तळहातावरचे घट्टे मात्र
मी आपोआप पाठीमागं नेले.

त्या वर्षी डोंगरउतारावर चर खणले,
बांधावर घायपात लावली,
बायकांनी हातोहात दगड खाली आणले,
अरुंद जागा बघून भिंत घातली.
शिलिंग पिठाच्या डब्याखालून कधी गेले, कळलं नाही.
चौथ्या थरातलं सिमेंटचं एक पोतं माझं आहे.
वहीत नाव आईचं आहे.

राखणीची यादीही त्याच वहीत.
आईनं मला गुरुवार दिला.
गुरुवार कुणाचा असतो, हे तिला कसं ठाऊक,
मी अजून विचारलेलं नाही.

ट्रक आला. इंजिन चालूच.
तू? म्वोकी म्हणाला.
मी.
किती देतात?
काही नाही.
तो बराच वेळ थांबला, जणू मी रक्कम चुकून कमी सांगितली होती.
वर टेकडीवर कुणीतरी खोकलं.
मग दुसरं कुणी. मग सात-आठ बायका,
मग मोजता येईनात इतके खोकले अंधारात.

त्यानं ट्रक मागं घेतला
आणि मागचं चाक रुतलं. वाळू ओली होती.
खाली उतरून त्यानं हात घातला, कोपरापर्यंत,
वास घेतला, काही बोलला नाही.
शेवटी बायकांनीच ढकलून काढला ट्रक,
रिकामा. त्यात माझी आई होती,
चिखलानं माखलेली, मोठमोठ्यानं दम देत:
मलाच, नीट ढकलत नव्हतो म्हणून.

यंदा ऑगस्टात झिरा हातभर खोलीवर लागला.
पूर्वी माणूस बुडेल एवढा खड्डा करायचो.
पाणी अजून किंचित मचूळ आहे.
गाढवं नाक मुरडत नाहीत.

म्वोकी आता वरच्या गावाची वाळू नेतो.
तिथं माझ्यासारखाच कुणीतरी
फावड्याला फडकं बांधत असेल,
आणि त्याची वाळू खरं तर आमचीही आहे.
सकाळी आम्ही तिकडं जाणार.
डबा माझ्याकडे आहे,
खिळा आईकडे.
नकाशा घ्यायचा की नाही, यावर
अजून एकमत झालेलं नाही.